जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स केलेली नर्स सांगून भलतीच मुलगी पाठवली, सांगली-मिरजेतल्यांनी जरूर वाचा

अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि गिळता येईना. मिरजेतून डिस्चार्ज मिळाला तेव्हा नाकातून पोटात जाणारी रायल्स ट्यूब (तिच्यातूनच पातळ अन्न, म्हणजे फीड, द्यायचं), लघवीला कॅथेटर म्हणजे नळी. डॉक्टर म्हणाले सुरवातीला ट्रेन्ड सिस्टर ठेवा. घरी नर्स पुरवणाऱ्या एका ब्युरोचा नंबर मिळाला, तिथल्या बाईंनी व्हॉट्सॲपवर लिहून दिलं "जीएनएम सिस्टर कन्फर्म, आयसीयू अनुभव, २४ तास". ३०,००० ॲडव्हान्स आणि वर ५,००० डिपॉझिट, सगळं गुगल पेवर घेतलं, पावती सिस्टरबरोबर पाठवते म्हणाल्या, ती आजतागायत आलेली नाही.

मुलगी स्वभावाला चांगली, पांढरा कोट, गळ्यात आयडी, त्यामुळं घरात कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. अण्णा फीडच्या वेळी खोकायचे तर म्हणायची ट्यूबमुळं होतं असं. मग माझी मामेबहीण भेटायला आली, ती स्वतः नर्स आहे. ही मुलगी अण्णांना सपाट आडवं ठेवून सिरिंजचा दांडा अंगठ्यानं जोरात दाबत होती, ताईनं तिचा हातच धरला. आधी डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर घ्यायची, नळीवरची खूण नाकाशी जिथं होती तिथंच आहे का बघायचं, सिरिंजनं ओढून पोटातलं पाणी येतंय का बघायचं, मग दांडा काढून फीड आपोआप हळूहळू उतरू द्यायचं, शेवटी पाणी घालून नळी साफ करायची आणि पुढं निदान अर्धा तास पेशंटला आडवं करायचं नाही. नाहीतर फीड फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो आणि अशा पेशंटला तो जिवावर बेततो. यातलं एकही त्या मुलीला माहीत नव्हतं. लघवीची पिशवी पण गादीवरच ठेवलेली, ती कायम कमरेच्या खाली लटकलेली पाहिजे, नाहीतर लघवी उलटी जाऊन इन्फेक्शन होतं.

मग ताईनं चार्ट बघितला. रात्रीचे नऊ वाजत होते आणि चार्टवर रात्री २ आणि पहाटे ४ च्या रकान्यात "कूस बदलली, बीपी १२०/८०" आधीच लिहून ठेवलेलं. अण्णांना कुशीवर घेतलं तर माकडहाडावर लाल चट्टा, बोट दाबून सोडलं तरी लाली जाईना. म्हणजे बेडसोरची सुरवात.

मुलगी रडायलाच लागली. बारावी झालेली, दुसऱ्या एका पेशंटकडं बघून जे शिकली तेवढंच, आमच्या ३०,००० मधले तिला ९,००० मिळणार होते आणि नर्स आहे असंच सांगायचं ही ब्युरोची ताकीद. तिच्यावर माझा राग नाही, त्या बाईंवर आहे. त्यांना फोन केला तर म्हणे आम्ही केअरटेकरच दिलेली, स्क्रीनशॉट पाठवले तर मला ब्लॉक केलं.

केअरटेकर वाईट नसतात, अंघोळ घालणं, कपडे बदलणं, आधार देऊन चालवणं त्या छान करतात, पण मग पैसे पण केअरटेकरचेच घ्या ना. ट्यूब, कॅथेटर, इंजेक्शन, सक्शन (मशीननं कफ ओढून काढणं) असेल तर शिकलेलीच लागते. नर्सिंगमध्ये एएनएम दोन वर्षांचा कोर्स, जीएनएम तीन, बीएस्सी चार, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असावी लागते. आम्हाला व्हॉट्सॲपवर आलेलं सर्टिफिकेट नंतर झूम करून बघितलं तर नावच दुसरीचं. त्यामुळं ओरिजिनल सर्टिफिकेट आणि आधार शेजारी शेजारी ठेवून नाव, फोटो जुळवा, आणि पहिलं फीड घरातल्या माणसानं समोर उभं राहून बघा, ट्यूब चेक केल्याशिवाय फीड चालू केलं तर तिथंच थांबवा. पूर्ण महिन्याचे पैसे आधी देऊ नका, ब्युरो कितीही घाई करू दे.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, पैसे अजून परत नाहीत, आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. ज्यांना असाच अनुभव आलाय त्यांनी व्हॉट्सॲपचे मेसेज आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट डिलीट करू नका. अण्णांची कूस आता दर दोन तासांनी मी आणि आई बदलतो, चट्टा फिका पडलाय.