देवगड की म्हसवड?

निवृत्तीनंतर वर्षातले सहा महिने लालबागबाहेर काढायचे, एवढं आमचं नक्की होतं. कुठे, यावर मात्र घरात दोन वर्षं वाद चालला. माझं आजोळ कोकणात देवगडजवळ, सासुरवाडी साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडजवळ. चाळीत कोकणी आणि घाटी एकाच जिन्यावर वाढलो, त्यामुळे दोन्हीकडची भाकरी ओळखीची. याच पेचात असाल तर माझा अनुभव सांगतो. तुमचा वेगळा असू शकेल.

दिसायला देवगडला तोड नाही. कुणकेश्वरचा किनारा, जांभ्याचे गडगे, रात्रभर रंगणारा दशावतार. मासळीबद्दल तर बोलायलाच नको. म्हसवडला पहिले आठ दिवस उघडा माळ बघून डोळे शिणले आणि बांगड्यावाचून घास उतरेना.

पण कौलं! आजोळच्या घरावर माकडं नाचतात, कौलं फुटतात. पावसाआधी घर शाकारायला हवं आणि शाकारायला माणूस मिळत नाही. मिळणार कसा? गावातली धडधाकट माणसं आमच्यासारखीच मुंबईत. उरलेली एप्रिल-मेमध्ये आंब्यात गुंतलेली, आणि शाकारणीची वेळ नेमकी तीच. सलग तीन वर्षं मी फोन करत राहिलो, मामा ‘आंबो सरान जांव दे, मगे बघया’ म्हणत राहिला, आणि मृग लागला. जिथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे एक फुटकं कौल काय करतं, ते आमच्या गाद्यांना विचारा. पत्रा घालावा तर सातबारावर अकरा नावं, त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत.

म्हसवड सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, त्यामुळे माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, फारशी काळजी नाही. काळजी पाण्याची. टँकरमागे धावणारे हंडे मी पाहिलेत, पण आम्ही उन्हाळा तापायच्या आत मुंबईला पळ काढतो, म्हणून माझं मत जरा आयतं समजा.

पोटासाठी माणसं इथूनही बाहेर पडतात. कोणी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात परराज्यात, कोणी मेंढरांमागे. गंमत म्हणजे फलटण-बारामतीकडचे धनगर भातं कापल्यावर कोकणातच उतरतात, शेतात मेंढ्या बसवतात आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य घेतात. तो पाऊस लोकरीच्या मेंढ्यांना सोसत नाही, म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला माघारी फिरतात. आमच्या गाद्यांपेक्षा मेंढरं शहाणी!

म्हसवडला बायका व्यवहारात पुढे दिसल्या. १९९७ पासून तिथे माणदेशी महिला सहकारी बँक आहे. शेळी विकून आलेली बाई स्वतःचं पासबुक स्वतः पुढे करते. माझ्या बायकोचा कौल तिथेच पडला असावा. मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघतो तेव्हा मी आता पाहुणा राहिलेलो नाही. आजोळचे मात्र मला ‘घरजावई’ म्हणतात.

देवगडच्या घरात बारमाही राहतं माणूस असेल, तर माझं काही ऐकू नका, तिकडेच जा. कुलूप लावून येणार असाल तर म्हसवड बरं, असं आपलं मला वाटतं.

आंब्याची पेटी अजून मामाच पाठवतो. यंदा तीत चिठ्ठी होती : शाकारणीला माणूस मिळाला, तुझ्या वाट्याचे पैसे धाड.