३८.७० नळ्या: फुकटच्या कॉइल शीटसोबत आठ महिने

विकतचं सॉफ्टवेअर घ्यायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. वर्षातून पाच-सहा कॉइल काढणाऱ्याला ते परवडतं कुठे? म्हणून ही फुकटची स्प्रेडशीट. फिनवाल्या (ट्यूबभोवती धातूच्या पातळ चकत्या असलेल्या) हीट एक्स्चेंजरला, म्हणजेच कॉइलला, किती ट्यूब लागतील, एवढंच तिचं काम.

पहिल्या महिन्यात मी तिला पाच तारे दिले असते. १५० किलोवॅट, यू व्हॅल्यू (दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला किती वॅट उष्णता जाते) ३०, दुरुस्त एलएमटीडी (दोन्ही बाजूंच्या तापमानातला सरासरी फरक) ३८ अंश टाकलं की क्षेत्रफळ १३१.६ चौरस मीटर. २५.४ मिमीची ट्यूब, ५७ मिमीचे फिन, इंचाला दहा: म्हणजे ट्यूबच्या एका मीटरला साधारण १.७ चौरस मीटर. नुसती ट्यूब जेमतेम ०.०८ देते, म्हणजे एकवीस पट फरक. त्यामुळे यू कुठल्या क्षेत्रफळावरचा, फिनसकट की नुसत्या ट्यूबच्या, हे शीट ठळक लाल अक्षरात विचारते. इथे बरेचजण आपटतात, म्हणून याचे गुण पूर्ण. लांबीही ती फिन असलेलीच धरते, ट्यूबशीटमध्ये (ट्यूब बसवायच्या भोकांच्या पत्र्यात) जाणारी टोकं नाही.

पण दोन मीटरच्या ट्यूबला उत्तर काय? ३८.७० ट्यूब!

०.७० ट्यूब कुठे मिळते हो? बरं, ३९ करूनही भागत नाही. ट्यूबच्या चार रो (ओळी) आहेत, म्हणजे ४० लागणार, रोला दहा. हे शीटला कळू नये? दोन दशांशांचा तो रुबाब पाहून मी इतका चिडायचो की बाकीचे रकाने नीट पाहिलेच नाहीत. बनवणाऱ्याला तीन निरोप पाठवले, तिन्ही दशांशाबद्दल. उत्तर एकाचंही नाही.

आणि मग पाचव्या महिन्यात खरा दणका बसला. तापमान जास्त म्हणून ॲल्युमिनियमऐवजी स्टीलचे फिन घेतले, ट्यूब त्याच ४०. चालू केल्यावर बाहेर पडणारी हवा काही केल्या हवी तितकी तापेना. आधी पंख्यावर संशय, मग थर्मामीटरवर. शेवटी लपवलेला रकाना उघडला: फिन एफिशियन्सी (अख्खा फिन ट्यूबइतकाच गरम असता तर जेवढी उष्णता गेली असती, त्यातला खरोखर जाणारा वाटा) ०.८५, कायमची कोंबलेली. ती ॲल्युमिनियमची! स्टील उष्णता कमी वाहून नेतं, फिनचं टोक थंडच राहतं, आणि याच मापाच्या फिनला आकडा ०.६२ च्या आसपास येतो. यू ३० वरून २४.२ वर. म्हणजे आठ ट्यूब कमी पडल्या होत्या.

इथे माझं मत बदललं, पण पूर्ण नाही. रकाना लपवणं हा गुन्हाच. पण मटेरियल बदलताना मीही कुठे विचारलं? आता फिनची वाहकता टाकायचा रकाना मी स्वतः जोडलाय, आणि शीट अजून वापरतोय. फुकट आहे, सोडवत नाही.

तीन तारे. चौथा दिलाही असता, पण दुरुस्तीनंतर तिने आकडा दिला ४७.९७.