जीआरई व्हर्बलच्या नावाखाली 76,070 रुपये गेले. कोल्हापूरकरांनो, सही करण्याआधी वाचा

जीआरई म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा, व्हर्बल म्हणजे तिचा इंग्रजीचा भाग. त्याच्या क्लासपायी माझे पैसे बुडाले. हिशेब आधी देते, म्हणजे 'नेमके किती गेले गं?' असं परत कुणी विचारायला नको. नावनोंदणी 2,500, रोख. फी 54,000. प्रोसेसिंग फी 1,180. परीक्षेचा स्लॉट बुक करायचे म्हणून 17,800, यूपीआयवरून. सप्टेंबरात हप्ता परत गेला त्याचा दंड 590. एकूण 76,070. यातल्या फक्त पहिल्या अडीच हजारांची पावती आहे, तीही बिनशिक्क्याची, डायरीच्या फाडलेल्या पानावर.

क्लासचं नाव लिहीत नाही. वकिलांनी तंबी दिलीय. राजारामपुरीत दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या, एवढंच सांगते. भिंतीवर अमेरिकेला गेलेल्या मुलांचे फोटो, खाली विद्यापीठांची नावं. त्या पोरांपैकी एकाला तरी फोन लावून बघावा, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुम्ही लावा. फोटो कुणाचाही डाउनलोड करता येतो.

आता 'आजच्या दिवसापुरती सूट', 'शेवटच्या दोन सीट' हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. मी काही येडी नाही. मेकॅनिकलला 8.4 आहेत, घरी बसून केलेल्या सरावात क्वांटला, म्हणजे गणिताच्या भागाला, 164-165 येत होते. माझं घोडं पेंड खात होतं ते व्हर्बलला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजीचा लांब उतारा समोर आला की डोळे ओळीवरून घसरायचे आणि खाली पोचेपर्यंत वर काय होतं ते विसरलेलं असायचं. ईटीएस म्हणजे परीक्षा घेणारी संस्था पॉवरप्रेपच्या दोन टेस्ट फुकट देते. त्यातली पहिली दिली तर व्हर्बल 143. 130 ते 170 च्या मापात 143. माझी विद्यापीठांची यादी बघितली तर तेवढ्यावर अर्जाची फी भरणंही वाया होतं.

काउन्सेलर मॅडमनी हीच दुखरी नस धरली. "ताई, क्वांट तुमचं आहेच. व्हर्बल आमच्यावर सोडा. 155 ची लेखी गॅरंटी." लेखी म्हणजे त्यांच्याच लेटरहेडवर, खाली न वाचता येणारी सही. असल्या गॅरंटीच्या जाहिराती कोचिंगवाल्यांनी करायच्या नाहीत म्हणून केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्येच मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. मला हे ऑक्टोबरात कळलं, पैसे गेल्यावर.

जूनमध्ये बॅच सुरू झाली. अकरा जण. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर अॅनालॉजी घेतल्या. सुताराला रंधा तसा शिंप्याला काय, त्या धर्तीवर. मग विरुद्धार्थी शब्द. हे दोन्ही प्रकार ऑगस्ट 2011 मध्ये जीआरईतून गेले. तेव्हा मी चौथीत होते! मी विचारलंसुद्धा, "सर, हे आता येत नाही ना?" सर म्हणाले, "पाया पक्का करून घेतोय." आणि मी मान खाली घालून उतरवून घेतलं. नोट्सच्या झेरॉक्सच्या एका पानावर वरच्या कोपऱ्यात 800 पैकी मार्क छापलेले होते. ते 800 चं मापही त्याच वर्षी बंद झालंय. निबंध दोन लिहायला लावायचे. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा 1 तास 58 मिनिटांची झाली आणि निबंध एकच उरला. कुणाच्या तरी जुन्या क्लासची रद्दी आम्हाला 54,000 ला विकली होती. सिलॅबस ईटीएसच्या साइटवर फुकट आहे. क्लासला जायच्या आधी तो वाचा आणि त्यावरचा एक प्रश्न सरांना विचारा. 'पाया' हा शब्द ऐकला की उठा.

पण हे काहीच नाही. खरी माती मी सहाव्या आठवड्यात खाल्ली.

दर शनिवारी टेस्ट असायची. माझे मार्क 143, 147, 149, 151 असे चढत होते. सहाव्या शनिवारी पेपर हातात आला, प्रवाळांवरचा उतारा होता. पहिली ओळ वाचली आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'बी' आहे हे मला ठाऊक होतं. उतारा न वाचता. प्रश्नसुद्धा पुरता न वाचता. पुढच्या उताऱ्याचंही तसंच. खऱ्या परीक्षेत पहिल्या भागाच्या 12 प्रश्नांना 18 मिनिटं असतात. मी 11 मिनिटांत पेन खाली ठेवलं आणि बाकीच्यांकडे बघत बसले. मार्क आले 154.

तोच उतारा पहिल्या आठवड्यात येऊन गेला होता. तिसऱ्या आठवड्यातही, पर्यायांचा क्रम बदलून. आणि माझ्या ते लक्षात आलं नाही असं नाही. आलं होतं. मी स्वतःचीच समजूत घातली की उजळणी घेत असतील. 143 चा डाग पुसायची इतकी घाई झाली होती की पाठांतराला मी वाचन म्हटलं. शेजारच्या मुलीने हळूच विचारलं, "हा पेपर आपण सोडवलेला नव्हे काय?" मी तिला "गप्प बस, सर बघालेत" म्हणाले. त्या संध्याकाळी घरी जाताना पाव किलो पेढे नेले. पेढे!

आणि बरोबर त्याच संध्याकाळी मॅडमचा फोन. "ताई, स्कोअर तयार आहे, आता थांबू नका. आमच्या अकाउंटवरून स्लॉट घेतला तर सवलत बसते, 17,800." पुण्याचं सेंटर. मी दिले. परीक्षेच्या मूळ फीपेक्षा स्वस्त पडत होतं आणि 154 ची नशा होती. एक पीडीएफ आली. त्यात माझं आडनाव आधी की नाव आधी याचाच घोळ, आणि ओळखपत्रावरच्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे हा तर पहिला नियम. जीआरईचं खातं स्वतःच काढा, स्वतःच्या ईमेलवर. 'आमच्या अकाउंटवरून' असं काही नसतं.

आता जूनमधलंच एक राहिलंय. लिहायला लाज वाटते म्हणून मागे ठेवलं होतं.

मला नोकरी नाही, म्हणून 'हप्त्यांची सोय' पप्पांच्या नावावर केली. पप्पा उद्यमनगरात टर्नर आहेत. शिफ्ट संपवून तसेच आले होते, हाताला ऑइल होतं म्हणून टॅबलेटवर सही करताना आधी शर्टाला बोट पुसलं. मॅडम म्हणाल्या, "काका, बिनव्याजी आहे, महिन्याला फक्त सहा हजार, नऊ महिने." पप्पांनी माझ्याकडे बघितलं. "कर्ज न्हाई न्हवं हे?" मी म्हटलं, "न्हाई पप्पा, नुसते हप्ते हायत. ओटीपी द्या, मी सांगतो त्यांना."

मेसेज आला. पप्पांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मोबाइल माझ्या हातात दिला. 'युवर क्रेडिट फॅसिलिटी ऑफ रुपीज 54,000 हॅज बीन सँक्शन्ड.' चार ओळींचा मेसेज होता. मी पहिली वाचली आणि "झालं पप्पा" म्हणून मोबाइल परत दिला. इंग्रजी वाचायला शिकायला आलेली मुलगी! त्याच आठवड्याच्या शब्दांच्या यादीत सँक्शन होता. जीआरईचा लाडका शब्द: मंजुरीही तोच, दंडही तोच, वाक्यावरून ठरवायचं. माझ्याकडे त्याचं कार्ड आहे, पिवळ्या शाईने रंगवलेलं.

तर, 'हप्ते' म्हटलं की विचारा, कुठल्या वित्त कंपनीचं कर्ज? त्यांनी कर्जाच्या अटींचा एक-दोन पानी गोषवारा द्यायलाच पाहिजे, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. डिजिटल कर्जात सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं, हेही नियमात आहे. आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

गणपतीच्या सुट्टीनंतर गेलो तर कुलूप. खालचा दुकानदार म्हणाला, "भाडं बी बुडवलंय." ग्रुपमधून सर, मॅडम, दोघंही बाहेर. मी घरी येऊन स्वतःचं ईटीएस खातं काढलं, मग पीडीएफवरचा नंबर घेऊन चौकशी केली. तसली बुकिंगच नव्हती.

पोलीस ठाण्यात तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा: "पैसे ऑनलाइन गेलेत न्हवं? मग सायबरला जावा." सायबरला गेले तर: "समोर बसून शिकलात ना? मग हे सायबर कसं?" परत पहिल्या ठाण्यात. दीड तास बाकावर. मग एक साहेब: "सात आठवडे शिकवलंय की त्यांनी. फसवणूक कशी म्हणायची? दिवाणी बाब हाय, कोर्टात जावा." मी छापून नेलेला कागद पुढे केला. चारशेवीस आता राहिलं नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, आणि हद्द कुठलीही असली तरी गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 मध्ये आहे. साहेबांनी कागद न बघताच बाजूला सारला. "आम्हास्नी कायदा शिकवू नको, पोरी." वर आणखी, "आणि परदेशात जायचं कशाला? हितं काय कमी हाय?" मी तिथं माझ्या करिअरचा सल्ला मागायला गेले नव्हते. अकरा जणांचे पैसे गेले होते. हाती काय आलं? तक्रार अर्जावर आवकचा शिक्का. एफआयआर नाही. तरी तो शिक्का सोडू नका, वकील पहिल्यांदा तोच मागतात.

बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय. वित्त कंपनीची बाई म्हणाली, "मॅम, क्लासचं आणि तुमचं काय ते तुम्ही बघा, लोन तर घेतलंय ना?" क्लासच बंद, तर हप्ता कशाला, म्हणून पप्पांनी सप्टेंबरात खात्यावर पैसे ठेवले नाहीत. 590 दंड, आणि वसुलीचे फोन थेट पप्पांच्या मालकांना. तीस वर्षांत ज्या माणसाने उधार चहा प्यायला नाही त्याला मालकांपुढे उभं राहून सांगावं लागलं. त्या रात्री मी जेवले नाही. पप्पा जेवले, आणि मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा. मी नऊ दिवसांनी केला, तोवर खातं रिकामं. कर्जवाल्यांनी महिनाभरात नीट उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, चौकशीचा नंबर 14448. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जायला पाहिजे. आम्ही चौघांनी तिथं अर्ज केलाय. बाकीचे सात 'लोक काय म्हणतील' म्हणून गप्प आहेत.

अभ्यास बंद नाही. करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसते. 1850 पासूनचं ग्रंथालय आहे आणि वर्गणी माझ्या दंडापेक्षा कमी आहे. रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचते, कागद झाकून मराठीत तीन ओळी लिहिते. पॉवरप्रेपची दुसरी टेस्ट दिली, 146 आले. क्लासआधीच्या मार्कांत तीनची भर. एका मार्काला 25,356 रुपये पडले.

पाच हप्ते गेले, चार राहिलेत, पुढचा 5 डिसेंबरला. त्या बॅचमधलं कुणी हे वाचत असेल तर नोट्स रद्दीत घालू नका. 800 मार्कांचं ते पान आणि शनिवारचे पेपर वकिलांना पाहिजेत. माझ्याकडे पहिल्या आणि सहाव्या आठवड्याचे आहेत. तिसऱ्याचा मिळत नाही.