एकटीनं व्हॅन घेऊन रानात जायचंय, तर वाईकडं जावं का कोयनेकडं?

ऑफिसमधली एक मैत्रीण दिवाळीनंतर चार दिवस एकटीच गाडी घेऊन निघायचं म्हणतीय, रात्री गाडीतच झोपायचं, दिवसा एखादा झाडीतला डोंगर चढायचा आणि संध्याकाळी परत गाडीपाशी यायचं असा बेत आहे. कुठं जाऊ म्हणून तिनं विचारलं आणि फोनवर सांगता सांगता उत्तर एवढं लांबलं की म्हटलं सगळ्यांसाठीच लिहून काढावं. मी कराडची, गाडी जुनी इको, मागची सीट दुमडून प्लायची फळी टाकलीय, वर गादी, बास. तीन वर्षं झाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरला अशीच फिरतीय.

जंगल किती दाट आहे यावरून ठरवू नका, दोन्हीकडं रान भरपूर आहे. एकट्या माणसानं दोनच गोष्टी बघायच्या. रात्री गाडी कुणाच्या नजरेसमोर उभी राहणार, आणि दिवसाचा डोंगर एकट्याच्या हिशोबात बसतो का.

आधी वाईकडचं सांगते, कारण पहिल्यांदाच जाणारीला मी तेच सांगणार आहे. वाईतून धोम धरणाच्या कडेकडेनं आत गेलं की नांदगणे, वासोळे ही कमळगडाच्या पायथ्याची गावं लागतात. कमळगड साधारण १३७५ मीटर उंच, चढायला तीनेक तास धरा, आणि वाट जवळजवळ सगळी झाडीतून. ऊन डोक्यावर येत नाही, ऑक्टोबरच्या उन्हात हे किती मोठं सुख आहे ते उघड्या डोंगरावर एकदा भाजून निघालं की कळतं. मध्ये रानातच गोरक्षनाथाचं मंदिर आहे, तिथं पाच मिनिटं बसलं तरी शीण जातो. गडावर तटबंदी, दरवाजा, बुरूज असलं फार काही नाही, पण कातळात खोल उतरत गेलेली गेरूची विहीर आहे, कावेची विहीर म्हणतात तिला. पायऱ्या उतरून खाली गेलं की दोन्ही बाजूंच्या भिंती लालभडक ओल्या आणि हवा एकदम गार. मी तिथं बराच वेळ नुसती भिंतीला हात लावून उभी होते. वरून केंजळगड, रायरेश्वर, पाचगणी सगळं दिसतं.

आणि रात्रीचं म्हणाल तर गावात गाडी लावायला विचारलं की कुणी नाही म्हणत नाही, फक्त विचारायचं, आपलं आपण जाऊन पाण्याच्या कडेला लावायची नाही. मागच्या वर्षी भातकाढणी चालू होती, एका काकूंनी खळ्याच्या कडेला जागा दाखवली आणि रात्री नऊला भाकरी आणि घेवड्याची भाजी घेऊन स्वतः आल्या, म्हणाल्या एकटी आहेस, दार आतनं लावून घे आणि काय वाटलं तर हाक मार, आम्ही इथंच अंगणात झोपतोय. त्या रात्री मला जशी झोप लागली तशी लॉजवर कधी लागली नाही. वर जाताना मात्र गावातला एखादा माणूस वाटाड्या म्हणून घ्याच, झाडीत गुराढोरांच्या वाटा फुटतात, तिथं चकवा बसायला वेळ लागत नाही. त्यांना त्यांच्या दिवसाचे पैसे नीट द्या.

आता कोयना. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, आणि तिथून शिवसागरातनं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातनं, लाँचनं वासोटा किल्ला. रान बघायचं असेल तर याला तोड नाही हे मी मनापासून म्हणतीय. कोयना अभयारण्य १९८५ चं, चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान धरून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, आणि २०१२ ला युनेस्कोच्या यादीत पश्चिम घाटाबरोबर कास, कोयना, चांदोली तिन्ही गेले. वासोट्याच्या वाटेवर भरदुपारी अंधारल्यासारखं असतं, आणि वर बाबूकड्याच्या टोकावर उभं राहिलं की खाली थेट कोकण, पाय आपोआप मागं येतात. शिवाजी महाराजांनी याचं नाव व्याघ्रगड ठेवलं ते तिथं उभं राहिल्यावर पटतं.

पण एकटीसाठी अडचण अशी की लाँचचं भाडं अख्ख्या लाँचचं असतं. दहाबारा जण असले तर परवडतं, एकट्यानं भरायचं म्हणजे खिसा रिकामा, नाहीतर धक्क्यावर बसून कुणाचा ग्रुप येतोय का बघायचं. मी एका मंगळवारी सकाळी सातपासून साडेदहापर्यंत बसले, कुणीच आलं नाही, शेवटी तशीच परत आले. शनिवार-रविवारी ग्रुप मिळतात पण मग ती शांतता मिळत नाही जिच्यासाठी आपण एकटं निघालो. शिवाय वनखात्याची परवानगी लागते, गडावर मुक्काम चालत नाही, संध्याकाळच्या आत खाली यावंच लागतं. पावसाळ्यात बंदच असतो, ऑक्टोबरच्या मध्यानंतर उघडतो, पण निघायच्या आधी बामणोलीत फोन करून खात्री करा. गाडीची रात्रीची सोय मात्र बामणोलीत चांगली आहे, तंबूवाले, घरगुती जेवणवाले बरेच आहेत, त्यांच्या आवारात लावता येते. कासच्या पठारावर गाडी लावून झोपायचा विचारसुद्धा करू नका.

कोयनेचीच दुसरी बाजू म्हणजे पाटणवरून कोयनानगर, नवजा, आणि तिथनं जंगली जयगड हा किल्ला. चढ थोडाच, रान मात्र घनदाट, वरून कोळकेवाडी धरणाचं पाणी दिसतं. परवानगी आणि सोबत माणूस इथंही हवाच, गवे आणि अस्वलं आहेत. नवजाला पाऊस प्रचंड, त्यामुळं ऑक्टोबरात जळवा पायावर चढतात, नोव्हेंबर बरा.

सांगलीकडून येणाऱ्यांना चांदोली जवळ पडतं, पेठनाक्यावरून शिराळा, कोकरूड, आरळा करत वारणावती. रस्ता सुंदर, पण आत पायी मनसोक्त हिंडता येत नाही, म्हणून तुमच्या कामाचं नाही. सागरेश्वर अभयारण्य छोटं आहे, जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर, माणसांनी झाडं लावून उभं केलेलं रान, सांबर-चितळ दिसतात, जवळच देवराष्ट्रे, यशवंतरावांचं जन्मगाव. गाडीतली झोप आपल्याला जमते का हे बघायला घरापासून जवळ एक दिवस म्हणून छान.

परदेशातले व्हिडिओ बघून लाल-पिवळ्या झाडांच्या आशेनं येत असाल तर ते इथं नाही. महाबळेश्वर-कोयनेचं उंचावरचं रान जांभूळ, अंजनी, हिरड्याचं, बारमाही हिरवं. आपल्याकडं शरदात रंग बदलतं ते गवत, पठारं सोनेरी होतात आणि कुसळं सॉक्समधून आत घुसतात, त्यामुळं पायात पूर्ण पँट.

गाडीचं थोडं. घाट उतरताना दुसरा गिअर ठेवा, सारखा ब्रेक दाबत बसू नका. सीएनजी असेल तर हायवेलाच टाकी भरून घ्या आणि पेट्रोलही ठेवा. काचा दोन बोटं उघड्या, वर मच्छरदाणीचं कापड, नाहीतर पहाटे आतून पाणी ठिबकतं. शेगडी गाडीच्या आत अजिबात पेटवायची नाही, बंद गाडीत न दिसणाऱ्या विषारी वायूनं (कार्बन मोनॉक्साईड) माणूस झोपेतच जातो. आणि अंधार पडल्यावर प्रवास नको, दिवाळीनंतर कारखाने सुरू होतात, उसाच्या ट्रॉल्यांना मागं लाईट नसतो. दरीत साडेपाचलाच अंधारतं, म्हणजे दुपारी दोनला जिथं असाल तिथून खाली वळायचं, माथा राहिला तरी.

मैत्रिणीला मी सांगितलंय की पहिले दोन दिवस कमळगडाच्या पायथ्याला काढ, तिसऱ्या दिवशी मेढ्यावरून बामणोलीला ये. शनिवारी मी कराडहून येतीय आणखी चौघींना घेऊन, लाँचचं भाडं वाटून घेऊ.