व्हल्टरची बीजीपी सेवा: स्वतःचा आयपी ब्लॉक जाहीर करणाऱ्यांसाठी

भाड्याच्या सर्व्हरवरून स्वतःचा आयपी ब्लॉक (आयपी पत्त्यांचा सलग गट) बीजीपीने, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना रूट (वाटा) सांगतात त्या पद्धतीने, जाहीर करायचा तर व्हल्टर ही क्लाउड कंपनी चांगला पर्याय आहे. मुख्य कारण म्हणजे कागद तपासल्याशिवाय ते कुणाचाही रूट पुढे पाठवत नाहीत. प्रीफिक्स (म्हणजे तो ब्लॉक), एएसएन (नेटवर्कचा क्रमांक) आणि सहीचं अधिकारपत्र (एलओए) द्यायचं, मग हूइजमधल्या (ब्लॉक कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारी सार्वजनिक नोंद) ईमेलवर पडताळणी होते. तिथे नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा पत्ता असला की काम अडलंच. आधी इरिनमधली (भारतातली आयपी पत्त्यांची नोंदणी संस्था) नोंद दुरुस्त करून घ्या. ही कडक तपासणी हवीच. १६ एप्रिल २०२१ ला व्होडाफोन आयडियाच्या एएस ५५४१० मधून ३० हजारांहून जास्त परके प्रीफिक्स बाहेर पडले आणि पुढच्या नेटवर्कांनी ते गाळले नाहीत म्हणून पसरले.

खरी गोची आरओएमध्ये, म्हणजे हा ब्लॉक कुठल्या एएसएनने जाहीर करायचा हे सांगणाऱ्या सही केलेल्या नोंदीत, होते. स्वतःचा एएसएन नसेल तर व्हल्टर खासगी एएसएन देतं, पण बाहेर जाताना तो काढला जातो आणि मूळ म्हणून व्हल्टरचा २०४७३ दिसतो. म्हणजे आरओए २०४७३ च्या नावानेच हवा. दुसरी चूक कमाल लांबीची (‘/’ नंतरचा आकडा; तो मोठा तितका तुकडा लहान): आरओए /२३ चा, कमाल लांबीही २३, आणि जाहीर करताय /२४, असा रूट अवैध ठरतो आणि मोठी नेटवर्कं तो टाकून देतात. अशा वेळी बर्ड या बीजीपी सॉफ्टवेअरमध्ये सेशन (जोडणी) ‘एस्टॅब्लिश्ड’ दिसतं, पण बाहेरून ब्लॉकचा पत्ताच नसतो. म्हणून आपल्या सर्व्हरवर विश्वास न ठेवता राइपस्टॅट या सार्वजनिक वेबसाइटवर बघा. एपनिकच्या (आशिया-पॅसिफिकची आयपी नोंदणी संस्था) आयआरआरमध्ये, म्हणजे रूटांच्या नोंदवहीत, रूट ऑब्जेक्टही (रूटची नोंद) असू द्या. आयपीव्ही४ मध्ये /२४ पेक्षा लहान तुकडा इंटरनेटवर चालत नाही.

जोडणी सोपी आहे. शेजारी (व्हल्टरच्या बाजूचा राउटर) १६९.२५४.१६९.२५४, त्याचा एएसएन ६४५१५, सोबत पासवर्ड. शेजारी थेट जोडलेला नसल्यामुळे ‘मल्टिहॉप २’ लिहावंच लागतं, नाहीतर सेशन उभं राहत नाही. प्रीफिक्स बर्डच्या स्टॅटिक विभागात ‘ब्लॅकहोल’ म्हणून टाका आणि एक्सपोर्ट फिल्टरमध्ये (बाहेर काय पाठवायचं ते ठरवणारा) फक्त तेवढाच सोडा. पूर्ण टेबल (इंटरनेटवरचे सगळे रूट) मागू नका: आयपीव्ही४ चे रूट १० लाखांच्या घरात आहेत, लहान सर्व्हरची मेमरी पुरत नाही. एकाच सर्व्हरवरून जाहीर करणाऱ्याला डीफॉल्ट रूट (बाहेरचं सगळं एकाच वाटेने) पुरतो.

कम्युनिटींची (रूटला लावायच्या सूचना-खुणांची) सोय मात्र उत्तम. २०४७३:६००० लावलं की रूट त्यांच्या नेटवर्कबाहेर जात नाही. नवी मांडणी तपासताना आधी हेच लावावं आणि सगळं नीट दिसलं की काढावं.