जुना लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि माझं मराठी टायपिंगचं काम

विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीपासूनच माहीत होतं, आणि माझा लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या जनरेशनचा आय-फाईव्ह, त्यामुळे विंडोज इलेव्हनच्या यादीत तो बसतच नव्हता, तिथे इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. सिल्व्हर मॉलला एका दुकानात दाखवायला नेला तर त्याने झाकण उघडून बघितलंसुद्धा नाही, "दीदी, ये तो अब गया, नया ले लो" म्हणाला. मला ते पटेना. कीबोर्ड छान आहे, स्क्रीनवर एक डाग नाही, मग फेकायचा कशासाठी? शेवटी रॅम चारची आठ केली, हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली आणि २०२५ च्या मे महिन्यात त्याच्यावर लिनक्स मिंट २२.१ टाकलं, विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम, सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपवाली. सात महिने रोज कामाला वापरलं आणि आता लिहितेय, कारण माझ्यासारखं काम करणारे इंदूरमध्ये बरेच आहेत आणि सगळे तेच विचारतात, आमच्या जुन्या फाईली उघडतील का आणि अपडेटने काही बिघडेल का.

माझं काम म्हणजे रामबागेत घरूनच मराठी-हिंदी टायपिंग आणि पानं लावणं. लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, मध्येच कोणाच्या तरी आजोबांच्या आठवणींचं छोटं पुस्तक. गेम, व्हिडीओ एडिटिंग वगैरे मी करत नाही, त्याबद्दल काही सांगणार नाही.

इन्स्टॉल करणं सोपं आहे, पेनड्राईव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, लॅपटॉपमधलं काही पुसलं जात नाही. हे प्रत्येकाने करावंच. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर दिसतोय का, आणि आपल्याच चार फाईली उघडून बघायच्या, दुसऱ्याच्या सांगण्यावर जायचं नाही. दिसायला सगळं विंडोजसारखंच आहे, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, दोन दिवसांत हात बसतो.

आता अपडेट, ज्याच्यासाठी मी मिंटला मनापासून पूर्ण मार्क देते. खाली उजवीकडे एक छोटी ढाल असते, ती अपडेट मॅनेजरची, अपडेट आलं की तिच्यावर ठिपका येतो, बस. क्लिक करून यादी बघायची, काय काय आलंय ते वाचायचं, हवं तेव्हा टाकायचं. आणि यात नुसती सिस्टिम नाही, फायरफॉक्स, वर्डच्या जागी वापरायचं लिब्रेऑफिस, पीडीएफ बघायचं ॲप, सगळ्यांचं अपडेट त्या एकाच यादीत येतं, प्रत्येक सॉफ्टवेअर वेगवेगळं उठून "मला अपडेट करा" म्हणत नाही. बहुतेक वेळा रीस्टार्टही लागत नाही, मुख्यतः कर्नलचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं अपडेट असेल तेव्हा लागतो. पूर्वी मला रात्री साडेअकराला पत्रिकेचं प्रूफ पाठवायचं असायचं आणि स्क्रीनवर गोल फिरत बसायचं, बंद करू नका म्हणून, तो धसका ज्यांनी घेतलाय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. मिंट २२ ची सगळी मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स सिस्टिमवर उभी आहे आणि २०२९ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळणार आहेत, म्हणजे या लॅपटॉपला अजून तीन-साडेतीन वर्षं नक्की मिळाली. सप्टेंबरमध्ये २२.२ आलं ते मी त्याच अपडेट मॅनेजरमधून चढवलं, चहा होईपर्यंत झालं, काही पुसावं लागलं नाही. त्यात बोटाच्या ठशाने लॉगिन करायची सोय आलीय, माझ्या लॅपटॉपला ते सेन्सरच नाही म्हणून मला उपयोग नाही.

पण एकदा अडकले होते, ते पण सांगते. ऑगस्टमध्ये गणपतीच्या चार दिवस आधी एका मंडळाची बत्तीस पानी स्मरणिका प्रेसला पाठवायची होती, आणि मी अपडेट मॅनेजरच्या कर्नलच्या यादीत ६.१४ दिसलं म्हणून नवं ते चांगलं असा विचार करून टाकलं, जुनं ६.८ व्यवस्थित चाललं होतं तरी. रीस्टार्ट केल्यावर वायफायचं चिन्हच गायब. माझ्या लॅपटॉपमधल्या वायफाय चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आत नाहीये, वेगळा येतो आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो पुन्हा तयार व्हावा लागतो, तो नव्यावर तयारच झाला नाही. पोटात गोळा आला. भाचा पुण्याला असतो, त्याला फोन केला, तो म्हणाला, "मावशी, घाबरू नकोस, जुना कर्नल तिथेच आहे, चालू होताना एस्केप दाब." खरंच, लॅपटॉप चालू होताना एस्केप दाबलं की एक काळी यादी येते, त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये गेलं की आधीचा कर्नल असतो, तो निवडला आणि वायफाय परत. दहा मिनिटांत काम सुरू, पानं त्याच संध्याकाळी गेली. नंतर अपडेट मॅनेजरच्या व्ह्यू मेनूतून लिनक्स कर्नल्समध्ये जाऊन नवावाला काढून टाकला. विंडोजवर एकदा असं झालं होतं तेव्हा लॅपटॉप तीन दिवस दुकानात पडून होता.

टाईमशिफ्टबद्दल पण बोलायलाच हवं, ते मिंटमध्ये आधीपासूनच असतं. पहिल्याच दिवशी चालू करून घ्या. ते सिस्टिमची नक्कल काढून ठेवतं, रोजची, आठवड्याची, जशी सांगाल तशी, आणि एखाद्या अपडेटने बिघाड झाला तर त्या दिवसाच्या आधीच्या स्थितीला परत नेतं. फक्त एक नीट समजून घ्या, ते सिस्टिम सांभाळतं, तुमच्या फाईली नाही, आपल्या फाईली असतात तो होम फोल्डर ते ठरवून बाहेर ठेवतं. गिऱ्हाइकाच्या फाईलींचा बॅकअप वेगळ्या हार्डडिस्कवर वेगळाच घ्यायचा. ओळखीच्या एका काकांनी टाईमशिफ्ट आहे म्हणून निश्चिंत राहून स्वतःचे फोटो गमावलेत, म्हणून हे इतकं ठासून लिहितेय.

आता दुसरा प्रश्न, फाईली आणि सॉफ्टवेअर चालतात का. इथे सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही, आणि जे म्हणतात त्यांनी मराठीचं काम केलेलं नसतं.

वर्डच्या फाईली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, इंग्रजी पत्रं तर जवळजवळ जशीच्या तशी, कारण कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि एरियलच्या जागी लिबरेशन असे फॉन्ट येतात ज्यांची अक्षरांची रुंदी मुद्दाम तेवढीच ठेवलीय, म्हणून ओळी हलत नाहीत. गंमत मराठीला संपते. लोक फाईल पाठवतात मंगल फॉन्टमध्ये, मंगल हा मायक्रोसॉफ्टचा, तो लिनक्सवर येत नाही, त्याच्या जागी नोटो किंवा लोहित बसतो आणि त्यांची ओळीची उंची वेगळी, त्यामुळे सोळा पानांचा वृत्तांत माझ्याकडे सतरा पानांचा होतो आणि शेवटच्या पानावर एकटी अध्यक्षांची सही. मजकूर एक अक्षर बिघडत नाही, पानं हलतात. मी आता नेहमीच्या लोकांना सांगून ठेवलंय की मुक्ता किंवा नोटो वापरा, दोन्ही फुकट आहेत, विंडोजवरही बसतात, मग दोन्हीकडे पान सारखं दिसतं. आणि फायनल नेहमी पीडीएफ, वर्डची फाईल फक्त दुरुस्तीपुरती.

खरी अडचण कृतिदेव या जुन्या फॉन्टची. आपल्याकडे मध्य प्रदेशात पंधरा-वीस वर्षांचं काम कृतिदेवमध्ये पडलंय. त्यात 'मराठी' शब्द लिहायला आपण ई, जे, के, मोठा बी आणि एच दाबतो, कॉम्प्युटर आत ती इंग्रजी अक्षरंच ठेवतो, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा मुखवटा घालतो. म्हणून फॉन्ट नसला की फाईलभर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो आणि लोक म्हणतात लिनक्सने फाईल खराब केली. तसं काही नसतं. आपल्याकडची फॉन्टची फाईल डबल क्लिक करून इन्स्टॉल केली की लिब्रेऑफिसमध्ये सगळं बरोबर दिसतं. पण मी सांगेन, नुसतं दिसण्यावर थांबू नका, हळूहळू युनिकोडमध्ये आणा, जिथे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं, कारण त्या फाईलीत 'मराठी' शोधायला गेलं तर सापडत नाही, फोनवर पाठवली तर वाचता येत नाही. कन्व्हर्टर मिळतात पण हाताने तपासावंच लागतं, कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि युनिकोडमध्ये नंतर, रफार उलट, त्यामुळे जोडाक्षराला वेलांटी आली की चुका राहतात. 'स्थिती', 'व्यक्ती', 'दुसऱ्या', 'तऱ्हा' असले शब्द मी आधी तपासते.

टायपिंगला जुन्या टाईपरायटरसारखा रेमिंग्टनचा लेआउट मिळतो, कीबोर्डची भाषा निवडायच्या आयबसमध्ये हिंदीखाली असतो. पण मी इनस्क्रिप्ट हा दुसरा लेआउट शिकले, कारण त्यात शिफ्ट धरून जे दाबलं की सरळ ऱ येतो आणि शिफ्ट-एनला ळ. बोटं वळायला तीन आठवडे लागले, ते दिवस कठीण गेले, आता स्पीड पूर्वीइतकाच आहे.

मग वाईन. हे विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवतं, १९९३ पासून लोक त्याच्यावर काम करताहेत. ते आत विंडोज चालवत नाही, सॉफ्टवेअर विंडोजला जे मागतं ते मागणं लिनक्सच्या भाषेत करून देतं, म्हणून हलकं आहे. माझं पत्रिकेच्या बॉर्डरींचं एक जुनं छोटं सॉफ्टवेअर त्याच्यात पहिल्या झटक्यात चाललं, प्रिंटसुद्धा निघाली. पण ज्याच्यावर माझी सगळ्यात जास्त मदार, ते जुनं पानं लावायचं सॉफ्टवेअर चाललं नाही, कारण त्याला यूएसबीचं लॉक आहे, ती छोटी चावी लावल्याशिवाय ते उघडत नाही, आणि त्या चावीला विंडोजचा आतला ड्रायव्हर लागतो जो वाईनमध्ये चालत नाही. दोन दिवस डोकं फोडलं. शेवटी कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्याच्या आत विंडोज ठेवलं, त्याला चार जीबी रॅम दिली, इंटरनेट दिलंच नाही, आणि यूएसबीची चावी आत पोचवली. त्यासाठी आपल्या युजरला व्हीबॉक्सयूझर्स नावाच्या ग्रुपमध्ये घालावं लागतं आणि मग लॉगआउट करून परत यावं लागतं, हे न केल्याने चावी दिसत नाही आणि लोक इथेच सोडून देतात. आता महिन्यातून दोन-तीनदा ते उघडते, जुनी फाईल काढते, मजकूर बाहेर आणते, बंद. तुमचं रोजचं काम असल्या चावीवाल्या सॉफ्टवेअरवर आठ तास चालत असेल तर मात्र मिंटवर येऊ नका, आत्ता तरी नाही, मी खरंच सांगते, त्रास होईल.

नवीन पानं मी स्क्रायबस (पानं लावायला) आणि इंकस्केपमध्ये (चित्रं काढायला) करते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची, मिंटच्या स्वतःच्या भांडारात सॉफ्टवेअर टिकाऊ पण थोडं जुनं असतं, उदाहरणार्थ फोटो सुधारायचं गिंप तिथे २.१० मिळतं, मार्च २०२५ मध्ये आलेलं ३.० हवं तर फ्लॅटपॅकमधून घ्यायचं, म्हणजे भांडाराबाहेरून स्वतःच्या सामानासकट येणारं ॲप. दोन्ही त्याच सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये दिसतात, खाली निवडायचं कुठलं ते. फ्लॅटपॅकचं पहिलं ॲप घेताना बरंच डाउनलोड होतं कारण सोबत लागणारं सामान पण येतं, पुढची हलकी जातात. काही ॲपना पेनड्राईव्ह दिसत नाही, ती परवानगी फ्लॅटसील नावाच्या छोट्या ॲपमधून द्यायची. एसएसडी लहान असेल तर फ्लॅटपॅक मोजूनच घ्या.

प्रिंटरचं थोडक्यात. घरचा नवा वायफायवाला लावल्या लावल्या दिसला, काही टाकावं लागलं नाही. जुना लेझर मात्र कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतो, तो बसवायला अर्धा दिवस गेला.

सासऱ्यांना, नानांना, ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जुन्या डेस्कटॉपवर हेच करून दिलं. ते मराठी पेपर वाचतात, बँकेचं पासबुक बघतात, नातीशी व्हिडीओवर बोलतात. अपडेट आपोआप होतील असं सेटिंग करून ठेवलं. परवा मला म्हणाले, "अगं, हा हल्ली काही विचारतच नाही, बंद पडलाय का?" बंद नव्हता, सगळं आपोआप लागत होतं.

माझ्याकडे अजून २००९ ते २०१८ च्या कृतिदेवच्या साडेतीनशे फाईली राहिल्यात, रोज दोन-तीन करते. काल एका मंडळाची २०१२ ची स्मरणिका पूर्ण झाली, त्यात जुन्या सभासदांची नावं होती, त्यांच्या सेक्रेटरींना पीडीएफ पाठवली तर त्यांनी फोनवरच स्वतःच्या वडिलांचं नाव शोधून काढलं आणि मला तेवढ्याच पानाचा फोटो परत पाठवला.