वसईतील प्रायश्चित्तकाळाचे रिट्रीट: प्रवचने भक्कम, पापनिवेदनाची व्यवस्था अपुरी

यंदाच्या प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवास-प्रार्थनेच्या दिवसांत, वसईतील एका धर्मग्रामात (चर्चच्या स्थानिक विभागात) सलग तीन संध्याकाळी झालेल्या रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना-प्रवचनांच्या शिबिराला, मी हजर होते. प्रवेश खुला होता, शुल्क नव्हते, आणि बाहेरून आलेल्या धर्मगुरूंनी प्रवचनाची वेळ काटेकोरपणे पाळली. गायनवृंदाविषयी विशेष सांगण्यासारखे नाही.

पहिल्या संध्याकाळी विषय मोहाचा होता. अरण्यात भुकेल्या येशूसमोर आधी भाकरीचा, मग मंदिराच्या शिखराचा आणि शेवटी जगातील राज्यांचा मोह उभा राहिला, हा मत्तयाच्या चौथ्या अध्यायातील प्रसंग घेऊन प्रवचनकारांनी ठामपणे सांगितले की मोह होणे म्हणजे पाप नव्हे, कारण ज्याला मोह झाला तो प्रभू निष्पाप होता. गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि जाणूनबुजून दिलेली संमती या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय प्राणघातक पाप, म्हणजे देवाशी असलेले नाते तोडणारे पाप, घडत नाही, ही कॅथलिक शिकवण त्यांनी साध्या शब्दांत उलगडली. याची फार गरज होती. आपल्यातील कित्येक श्रद्धाळू माणसे नुसत्या मनात येऊन गेलेल्या विचारासाठी वर्षानुवर्षे मन खात बसतात, तर ठरवून केलेल्या लबाडीवर मात्र ‘मोह आवरला नाही’ एवढे म्हणून पांघरूण घालतात.

दुसरी संध्याकाळ माझ्या मते सर्वांत मोलाची ठरली. पश्चात्तापावर बोलताना बहुतेक वक्ते अश्रूंपाशी थांबतात. इथे मात्र लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कय या जकातदाराचे उदाहरण थेट आमच्या शिवारात आणले गेले. ज्याने शेजाऱ्याचा बांध कोरला आहे, त्याने डोळे पुसून घरी जाण्याआधी बांध जागेवर नेऊन घालावा, कारण जक्कयने ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे वचन उभ्याउभ्या दिले होते, असे धर्मगुरू म्हणाले तेव्हा मंडपात चुळबुळ झाली. जमिनीवरून भावाभावांत अबोला असलेली घरे आमच्याकडे कमी नाहीत. क्षमा मिळाली तरी नुकसानभरपाईची जबाबदारी संपत नाही, हे कुणीतरी इतक्या स्पष्टपणे सांगायलाच हवे होते.

अशा प्रवचनानंतर माणसाला बोलायला निवांत जागा हवी असते, आणि नेमके तिथेच आयोजन कमी पडले. पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंसमोर एकांतात पापांची कबुली देणे, फक्त शेवटच्या संध्याकाळी ठेवले होते. मंडपाच्या कडेने समोरासमोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, रांगेतला पुढचा माणूस दोन हातांच्या अंतरावर उभा, आणि आवाज झाकावा म्हणून लावलेल्या भक्तिगीतांमुळे धर्मगुरूंनाही पुढे वाकून ऐकावे लागत होते. रांग लांबत गेली तसे स्वयंसेवक ‘थोडक्यात सांगा’ असे विनवू लागले. ज्याच्या मनावर अनेक वर्षांचे ओझे आहे, तो अशा ठिकाणी नेहमीची चार पापे सांगून उठतो. इच्छा असणाऱ्या भाविकाला मोकळेपणाने वापरता यावी अशी जाळी असलेली पापनिवेदनाची पेटी असावी, असे चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ९६४ वा नियम सांगतो. त्या धर्मग्रामाच्या चर्चमध्ये तशी पेटी आहे. त्या संध्याकाळी ती बंद होती.

पुढील वर्षी पापनिवेदन तिन्ही दिवस, प्रवचनाआधी आणि नंतरही, चर्चच्या आत ठेवावे, अशी माझी आयोजकांना कळकळीची विनंती आहे. प्रवचनांसाठी हे रिट्रीट मी प्रत्येकाला सुचवीन, विशेषतः घरात जुना वाद धुमसत असलेल्यांना. मात्र ज्यांना सविस्तर बोलायचे आहे, त्यांनी शेवटच्या संध्याकाळच्या रांगेवर विसंबू नये. पवित्र सप्ताहाची, म्हणजे ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्याची, घाई सुरू होण्यापूर्वी एखाद्या धर्मगुरूंकडे वेगळी वेळ मागून घ्यावी.